उपाशी पडदा आणि त्याची बोंब

"तुमच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटल्यात." डोळ्यांच्या डॉक्टरांनी असं सांगितलं की मधुमेहाच्या काही रुग्णांना क्षणभर बरंच वाटतं. हृदयाबद्दल कुणी हेच म्हटलं असतं तर ती आनंदाची बातमी ठरली असती. जुना रस्ता बंद पडला, शरीराने नवा काढला, यात वाईट काय? मग समोरच्याचा चेहरा बघून लक्षात येतं की डोळ्याचा हिशेब वेगळा दिसतोय.

मधुमेहाने डोळे जातात म्हणजे नेमकं काय होतं, असं विचारलं तर "साखर वाढते, नसा खराब होतात" हे ठरलेलं उत्तर मिळतं. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. साखर पडद्याला उपाशी पाडते. पुढची बरीचशी नासधूस होते ती पडद्याने स्वतःच बाहेर सोडलेल्या एका प्रथिनामुळे. त्याचं नाव व्हीईजीएफ. नावाचा अर्थ साधारण असा की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराची वाढ घडवणारा घटक. हे प्रथिन पेशीतून बाहेर स्रवतं, आणि माझ्या मते या साऱ्या गोष्टीचं मर्म त्या स्रवण्यातच आहे.

आधी पडद्याची भूक समजून घेऊ. पडदा म्हणजे डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून चिकटलेला, प्रकाश टिपणारा पातळ थर. वजनाच्या मानाने बघितलं तर शरीरात इतका ऑक्सिजन खाणारे अवयव फार थोडे. गंमत म्हणजे त्याची भूक अंधारात वाढते, कारण प्रकाश टिपणाऱ्या पेशींना अंधारातच जास्त ऊर्जा जाळावी लागते. तुम्ही गाढ झोपलेले असता तेव्हा तुमचा पडदा सर्वात खादाड असतो.

एवढी भूक, तर मग रक्तवाहिन्यांचं घनदाट जाळं हवं. पण ते परवडत नाही. प्रकाशाला पडद्याच्या जाडीतून आरपार जाऊन मागच्या पेशींपर्यंत पोचायचं असतं आणि रक्तवाहिन्या तर वाटेतच उभ्या. म्हणून पडद्यात त्या अगदी मोजक्या ठेवल्या आहेत. ज्या बिंदूने आपण अक्षर वाचतो, सुईत दोरा ओवतो, तिथे तर एकही नाही. पडद्याच्या मागच्या भागाला पाठीमागच्या वेगळ्या थरातून रक्त मिळतं, पुढच्या भागाला या मोजक्या केशवाहिन्यांतून. थोडक्यात, मागणी भरपूर, पुरवठा जेमतेम, शिल्लक शून्य. अशा ठिकाणी थोडीशी नळी बुजली तरी लगेच तोंडचं पाणी पळतं.

मधुमेह नेमकं तिथेच बोट घालतो. केशवाहिन्यांना बाहेरून मिठी मारून बसलेल्या आधारपेशी असतात. पडद्यात त्या शरीरातल्या इतर कुठल्याही भागापेक्षा दाट असतात, कारण इथे बांध पक्का लागतो. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की या आधारपेशी मरू लागतात. आधार सुटलेली भिंत जागोजागी फुगते. तपासणीत दिसणारे बारीक लाल ठिपके ते हेच. भिंतीचं खालचं आवरण जाड होतं, पांढऱ्या पेशी आत चिकटून बसतात, आणि काही केशवाहिन्या कायमच्या बंद पडतात. हे सगळं घडत असताना दिसण्यात काडीचाही फरक पडत नाही. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्या माणसाच्या पडद्यावर बंद पडलेल्या केशवाहिन्यांचे मोठे पट्टे असू शकतात. या रोगाची मला सर्वात जास्त भीती वाटते ती त्याच्या या गप्प राहण्याची.

पडदा मात्र गप्प नसतो. ऑक्सिजन कमी पडल्याचं पेशीला कळतं कसं, हा प्रश्न अनेक वर्षं शास्त्रज्ञांना छळत होता. त्याच्या उत्तरासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. उत्तर फार देखणं आहे. पेशी सतत एक प्रथिन बनवत असते, त्याला हिफ म्हणतात, आणि बनवल्या बनवल्या ते मोडीतही काढत असते. मोडीत काढायचं तर आधी त्यावर एक खूण करावी लागते, आणि ती खूण करायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन नसला की खूण होत नाही, हिफ मोडीतून सुटतं, साठतं, आणि पेशीच्या केंद्रकात जाऊन ढीगभर जनुकं चालू करतं. त्यातलंच एक जनुक व्हीईजीएफचं.

आता त्या स्रवण्याकडे येऊ. पेशी हजारो प्रकारची प्रथिनं बनवते. बरीचशी आतल्या आतच राबतात. काहींच्या सुरुवातीला मात्र पंचवीसेक अमिनो आम्लांचा एक तुकडा जोडलेला असतो. ती चिठ्ठीच समजा: "हा माल बाहेर पाठवायचा." चिठ्ठी बघून पेशी त्या प्रथिनाला बाहेरच्या वाटेला लावते आणि वाटेतच चिठ्ठी कापून टाकते. व्हीईजीएफ असं चिठ्ठीवालं प्रथिन आहे. श्वास कोंडलेली पेशी ते बनवते आणि बाहेर सोडते. ही तिची बोंब. "इथे रक्त नाही, कुणीतरी या." रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ती ऐकायला कान असतात, शास्त्रज्ञ त्यांना ग्राही म्हणतात. बोंब कानावर पडली की अस्तराच्या पेशी दोन गोष्टी करतात, आणि डोळ्याचं वाटोळं करायला त्या दोन पुरतात.

पहिली गोष्ट म्हणजे गळणं. अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. व्हीईजीएफ ती शिवण सैल करतं. रक्तातलं पाणी, प्रथिनं, चरबी बाहेर झिरपू लागते. हे झिरपणं पडद्याच्या मधोमध, वाचायच्या जागी झालं की तिथे सूज येते. हल्ली पडद्याचं स्कॅन करतात त्यात हे स्वच्छ दिसतं. एखाद्या थरांच्या खडकाचा आडवा काप घ्यावा तसं ते चित्र असतं. निरोगी डोळ्यात मधोमध एक उथळ खळगा असतो आणि तिथे पडद्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर. सूज आलेल्या डोळ्यात खळग्याच्या जागी टेकाड दिसतं, त्यात काळ्या पोकळ्या, म्हणजे साठलेलं पाणी, आणि जाडी कधी कधी दुप्पट. रुग्णाला हे कसं जाणवतं? दाराची चौकट मधेच वाकलेली दिसते. ओळीतलं एक अक्षर नीट दिसतं, पुढचं धुक्यात. मधुमेहात नजर अधू होण्याचं हे फार मोठं कारण आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे फुटवे. बोंब जोरात आणि बराच काळ चालली तर अस्तराच्या पेशी दुभागू लागतात, आवाजाच्या दिशेने सरकतात, नव्या वाहिन्या बनवतात. पण घाईत बांधलेलं काम ते. भिंती पातळ, आधारपेशी अपुऱ्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दिशाच चुकलेली. जिथे भूक आहे त्या पडद्यात शिरायचं सोडून त्या पडद्याच्या पृष्ठभागावरून, डोळ्याच्या पोकळीतल्या जेलीसारख्या काचरसाच्या मागच्या सायीवर चढत जातात. मांडव समजून वेलीने भलत्याच काठीवर चढावं तसं. वय वाढतं तसा काचरस आकसतो, साय ओढली जाते, नाजूक वाहिनी तुटते, आणि डोळ्यात रक्त सांडतं. आदल्या रात्री ठीक झोपलेला माणूस सकाळी उठून म्हणतो, डोळ्यासमोर कोळ्याची जाळी आलीत, किंवा काही दिसतच नाही. पुढे या वाहिन्यांच्या सोबतीने चिवट तंतू वाढतात, ते पडद्याला ओढतात, आणि पडदा सरकतो.

प्रथिन बाहेर स्रवतं याचा खरा फटका याच्याही पुढे बसतो. ते जिथे बनलं तिथे थांबत नाही. काचरसातून पसरत पसरत डोळ्याच्या पुढच्या भागात येतं, आणि बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्यावर नव्या वाहिन्या उगवतात. तिथे ना भूक होती ना गरज. डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याची वाट त्यामुळे बुजते, दाब भडकतो, आणि काचबिंदूचा एक अतिशय दुखरा प्रकार होतो. आग मागच्या परसात आणि धुराने पुढची खोली काळी.

असं काहीतरी पसरणारं द्रव्य असणार, हा तर्क फार जुना आहे. आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्ये पडद्यातल्या वाहिन्या कशा वाढतात ते बघताना एक बारकावा टिपला. ऑक्सिजनने भरलेल्या धमन्यांच्या अगदी लगत केशवाहिन्या उगवत नाहीत, तिथे मोकळी पट्टी राहते. म्हणजे वाढीचा इशारा ऑक्सिजनच्या कमी-जास्तीवर ठरतो, आणि तो देणारं एखादं द्रव्य पडद्यातच तयार होत असावं. या अज्ञात द्रव्याला पुढे "घटक एक्स" म्हणू लागले. त्याचा चेहरा दिसायला चार दशकं गेली, आणि दिसला तोही डोळ्यात नव्हे, तर कर्करोगाच्या संशोधनात. १९८३ मध्ये डोनाल्ड सेंगर, हॅरॉल्ड ड्वोरॅक आणि सहकाऱ्यांना गाठीच्या पेशी स्रवतात असं एक प्रथिन मिळालं, जे वाहिन्यांना गळायला लावत होतं. त्यांनी नाव दिलं तेही गळण्यावरूनच. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांच्या गटाने वाहिन्या वाढवणारं एक प्रथिन वेगळं काढलं आणि त्याला व्हीईजीएफ म्हटलं. मग उलगडा झाला की दोन्ही एकच. एकाने त्याला गळतीवरून ओळखलं, दुसऱ्याने फुटव्यांवरून. मधुमेही डोळ्यात तर ते दोन्ही कामं शेजारी शेजारी करत होतं.

डोळ्याशी त्याची गाठ पक्की बांधली ती १९९४ मध्ये, लॉइड पॉल एलो आणि सहकाऱ्यांनी. शस्त्रक्रियेच्या वेळी १६४ रुग्णांच्या डोळ्यांतला द्रव घेऊन त्यात व्हीईजीएफ मोजलं. नव्या वाहिन्या सळसळत होत्या त्या डोळ्यांत ते भरपूर होतं. रोग थंडावलेल्या डोळ्यांत कमी. आणि मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे रोग जोरात असलेल्यांच्या काचरसात ते जास्त होतं आणि पुढच्या पाण्यात त्याहून कमी. बोंब मागून पुढे येत होती, तिचा माग लागला.

या मोजमापाने एक जुनं कोडंही सुटलं. डॉक्टर कितीतरी आधीपासून लेझरने पडदा जाळत होते. मधली वाचायची जागा सोडून, कडेच्या भागावर हजारभर किंवा अधिक बारीक डाग द्यायचे. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने १९७६ मध्ये दाखवलं की यामुळे दृष्टी पार जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. पण का? वाहिन्या मधे, डाग कडेला, आणि तरी वाहिन्या सुकतात. आता कारण सरळ दिसतं. कडेच्या खादाड पेशी मारल्या की खाणारी तोंडं कमी होतात, उरलेल्यांना ऑक्सिजन पुरतो, बोंब थांबते. एलो यांच्या अभ्यासातही लेझर यशस्वी झालेल्या डोळ्यांत व्हीईजीएफ उतरलेलं होतं. किंमत मोजावी लागतेच. कडेची आणि रात्रीची नजर थोडी जाते. पडद्याचा काही भाग देऊन उरलेला वाचवायचा, असा तो रोखठोक सौदा.

प्रथिन बाहेर स्रवतं म्हणून ते दूरवर नुकसान करतं हे खरं. पण बाहेर येतं म्हणूनच ते पकडताही येतं. प्रतिपिंडासारखा (म्हणजे अँटिबॉडीसारखा) धिप्पाड रेणू सहसा पेशीत शिरू शकत नाही. व्हीईजीएफ आतच राहून हे उद्योग करतं, तर आजची इंजेक्शनं निघालीच नसती. ते उघड्यावर तरंगत येतं, तिथेच त्याला गाठायचं. बेव्हॅसिझुमॅब हे व्हीईजीएफला पकडणारं प्रतिपिंड २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. डोळ्याच्या डॉक्टरांनी पुढच्याच वर्षी त्याचा अगदी छोटा डोस डोळ्यात द्यायला सुरुवात केली, आणि ज्यासाठी ते बनलंच नव्हतं त्या कामात ते जगभर रुजलं. रॅनिबिझुमॅब हा प्रतिपिंडाचा फक्त पकडणारा तुकडा, खास डोळ्यासाठी घडवलेला. अफ्लिबरसेप्टची युक्ती तर भन्नाट आहे. व्हीईजीएफ ऐकणारे दोन कान कापून एकत्र जोडलेत, म्हणजे तो एक खोटा कान. बोंब त्यात शिरते आणि तिथेच अडकते, खऱ्या कानापर्यंत पोचत नाही. २०१५ मध्ये तिन्हींची समोरासमोर तुलना झाली. नजर थोडीच उतरलेल्यांत तिघांचा गुण सारखा, पण नजर बरीच खालावलेल्यांत पहिल्या वर्षी खोटा कान सरस ठरला.

डोळ्यात सुई म्हटलं की अंगावर काटा येतो, म्हणून जरा जवळून सांगतो. आधी भूल देणारे थेंब. मग तपकिरी आयोडीनचं द्रावण, पापण्यांवर आणि डोळ्यातही, कारण खरी भीती जंतूंची असते. पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून तारेचा चिमटा. डॉक्टर म्हणतात, वर बघा, आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मोजतात. तिथेच का? कारण त्याच्या पुढे भिंग आहे, मागे पडदा, आणि मधल्या या अरुंद पट्ट्यात दोन्ही नाहीत. केसासारखी सुई, बहुधा ०.०५ मिलिलिटर औषध, दोन-तीन सेकंद. काहींना लगेच काळे बुडबुडे तरंगताना दिसतात, ते एक-दोन दिवसांत जातात. पुढच्या काही दिवसांत डोळा लाल होऊन ठणकू लागला किंवा नजर उतरली तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. आत जंतू शिरण्याचा प्रकार हजारो इंजेक्शनांत एखाद्यालाच होतो, पण झाला तर तासांचा हिशेब असतो.

मग रुग्ण हमखास विचारतो, "साखर तर आता नियंत्रणात आहे, मग पुन्हा पुन्हा टोचायचं कशाला?" प्रश्न रास्त आहे. इंजेक्शन बोंब दाबतं, भूक भागवत नाही. बंद पडलेल्या केशवाहिन्या त्याने पुन्हा वाहू लागतात असा भरवसा नाही. औषध काही आठवड्यांत ओसरतं, उपाशी पेशी पुन्हा ओरडू लागतात. म्हणून सुरुवातीला दर महिन्याला, मग स्कॅन बघत अंतर वाढवत जायचं. ज्यांना नव्या वाहिन्यांसाठी फक्त इंजेक्शनं चालू होती आणि जे मधेच यायचे बंद झाले, त्यांचे हाल लेझर झालेल्यांपेक्षा वाईट झाल्याचं दिसून आलंय. लेझर एकदा केलं की राहतं. इंजेक्शन राहत नाही. येणं-जाणं जमणार नाही असं ज्याला वाटतं त्याने ते डॉक्टरांना आधीच सांगितलेलं बरं, उपचार त्यावरून ठरू शकतो.

साखरेचा मुद्दा म्हणून गौण ठरत नाही. १९९३ च्या डीसीसीटी या अभ्यासात, पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ज्यांच्या डोळ्यांत अजून काही झालेलं नव्हतं, त्यांच्यात साखर काटेकोर ठेवल्याने पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. वाहिन्या बंद पडण्याआधी साखर आवरली तर बोंब मारायची वेळच येत नाही. एक मेख मात्र आहे: खूप वर्षं चढी असलेली साखर झपाट्याने उतरवली तर सुरुवातीच्या काही महिन्यांत पडदा तात्पुरता बिघडू शकतो. म्हणून अशा वेळी साखर उतरवायचीच, पण पडदा तपासून.

व्हीईजीएफ म्हणजे खलनायक, असं समजून त्याला समूळ संपवायची घाईही नको. १९९६ मध्ये दिसलं की उंदराच्या गर्भात या जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत बाद केली तरी गर्भ जगत नाही. मोठेपणीही ते पडद्यामागच्या रक्ताच्या थराला सांभाळतं, जखमा भरायला लागतं. इंजेक्शनाचं थोडं औषध रक्तात उतरतंच, म्हणून गरोदरपण किंवा नुकताच येऊन गेलेला पक्षाघात डॉक्टरांपासून लपवायचा नसतो. शिवाय व्हीईजीएफ एकटंच ओरडणारं आहे असंही नाही. आधारपेशी एक प्रथिन स्रवून वाहिन्यांना शांत ठेवतात. अस्तर अँजिओपॉइटिन-२ स्रवून ती शांतता मोडतं. फॅरिसिमॅब हे २०२२ साली अमेरिकेत मंजूर झालेलं औषध एका हाताने व्हीईजीएफ आणि दुसऱ्या हाताने हे अँजिओपॉइटिन पकडतं, आणि बऱ्याच जणांत दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढवता येतं. काही डोळ्यांची सूज मात्र व्हीईजीएफ अडवूनही हटत नाही. तिथे दाह घडवणारे दुसरेच रेणू जोरात असतात आणि स्टेरॉइड लागू पडतं, मोतीबिंदू आणि वाढता दाब यांचा धोका पत्करून.

सध्या ज्यावर बरंच काम चाललंय तो मार्ग तर प्रथिनाची चाल त्याच्यावरच उलटवतो. निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून पडद्याच्या पेशींना त्या खोट्या कानाचं जनुक द्यायचं, चिठ्ठीसकट, म्हणजे पडदा स्वतःच औषध बनवून बाहेर स्रवत राहील. एकदा टोचलं की वर्षानुवर्षं सुट्टी. २०२१ मध्ये अशा एका चाचणीत जास्त डोस मिळालेल्या मधुमेही डोळ्यांत तीव्र दाह झाला, डोळ्याचा दाब घसरला, आणि मधुमेहासाठी ते काम थांबवावं लागलं. इंजेक्शन बाधलं तर ते ओसरेपर्यंत वाट बघता येते. पेशीत शिरून बसलेलं जनुक बंद करायला अजून तरी बटण नाही.